अपस्माराच्या ऑपरेशनआधीची तपासणी : काय चोख, कुठे कसर

योग्य निवडलेली, पुरेशा डोसची दोन औषधं देऊनही मुलाचे अपस्माराचे (फिट्सचे) झटके थांबत नसतील, तर झटके मेंदूत कुठून सुरू होतात आणि तो भाग ऑपरेशनने काढता येईल का, हे शोधणाऱ्या या तपासणीसाठी लगेच नाव नोंदवावं. चौथ्या-पाचव्या औषधाची वाट पाहण्यात वाढत्या मेंदूची मोलाची वर्षं जातात. तपासणी करून घेतली म्हणजे ऑपरेशनला होकार दिला, असं अजिबात नाही.

यातला सर्वांत भरवशाचा भाग व्हिडिओ ईईजीचा, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद आणि सोबत चित्रीकरण. वॉर्डात औषधं हळूहळू कमी करून नेहमीचे झटके कॅमेऱ्यावर टिपतात. झटका लांबू शकतो, म्हणून शिरेत सुई आधीच लावलेली आणि तातडीचं औषध हाताशी हवं; ही तयारी नसेल तर मुलाला तिथे ठेवू नये. झटका सुरू होताच पालकांनी बटण दाबावं, पांघरूण काढावं, कॅमेऱ्याच्या आड येऊ नये, मुलाला नाव विचारावं. आधी कुठला हात आखडला हे दिसलंच नाही, तर त्या नोंदीचा निम्मा उपयोग जातो.

कसर राहते ती एमआरआयमध्ये. साध्या स्कॅनच्या जाड कापांत मेंदूच्या सालीतला (बाहेरच्या थरातला) जन्मजात छोटा दोष सहज निसटतो. ३ टेस्लाचं (जास्त शक्तीच्या चुंबकाचं) मशीन आणि टी१ व फ्लेअर या दोन प्रकारच्या प्रतिमांचे १ मिमीचे त्रिमितीय काप मागावेत. दोन वर्षांखालच्या मुलांत मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) अपुरं असतं, त्यामुळे दोष झाकला जाऊ शकतो. स्कॅन पुढे पुन्हा करावा. ‘नॉर्मल’ रिपोर्टवर विषय संपवणारं केंद्र टाळा. चांगल्या ठिकाणी पेट स्कॅनमध्ये ग्लुकोजचा वापर कुठे कमी आहे ते पाहून तोच एमआरआय पुन्हा वाचतात.

लहान बाळांत दोष एकाच बाजूला असूनही ईईजी दोन्हीकडे बिघडलेला दिसतो. केवळ तेवढ्यावरून ऑपरेशनला नकार देणं चूक आहे.

भाषा-स्मरणशक्तीची चाचणी अनेकदा घाईत उरकतात, आणि ऑपरेशनने काय गमावू शकतं याचा अंदाज तर तिच्यावरच बांधायचा असतो! मेंदूत इलेक्ट्रोड घालून केलेली ईईजी मात्र झटके कुठून सुरू होतात याचा ठोस अंदाज आधी असेल, तर तो पडताळायलाच करावी. त्या तारा सगळा मेंदू व्यापत नाहीत.

ऑपरेशन आणि नुसती औषधं यांची तुलना करणाऱ्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय चाचणीत ११६ मुलं होती. वर्षभरानंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के झटकामुक्त होती, फक्त औषधांवरच्यांपैकी ७ टक्के. आपल्या मुलाचा आकडा मात्र वेगळा असेल. तो आणि संभाव्य तोटे टीमकडून लेखी घ्या. जाताना जुन्या एमआरआयची सीडी आणि झटक्यांचे मोबाइल व्हिडिओ न्यावेत, नुसते रिपोर्ट पुरत नाहीत.