घराण्याच्या कागदांचं दप्तर: पिशव्या, पेट्या आणि रजिस्टर, उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तसे मराठवाड्यात घरोघरी जुने कागद माळ्यावरून खाली आले. खासरा पत्रकाची नक्कल, १९५१च्या नागरिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीतलं पान, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, फेरफार, मोडीतलं एखादं खरेदीखत, उर्दू मोहरेचा हुकूम. आणि बहुतेक ठिकाणी हे सगळं एकाच कॅरीबॅगेत कोंबलेलं. ते लावायला स्टेशनरीच्या दुकानात जे मिळतं ते एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झालं. त्यातलं काय टिकलं, काय फेकावं लागलं ते पुढे आहे.

आधी प्लास्टिकच्या पिशव्या, म्हणजे शीट प्रोटेक्टर. दुकानात दोन जाती मिळतात आणि दुकानदाराला फरक विचारला तर तो जाडी सांगतो. बघायचं असतं ते प्लास्टिक कोणतं आहे. पीव्हीसीची पिशवी काचेसारखी चकचकीत, मऊ, आणि नवी असताना रेक्झिनसारखा वास मारणारी. पॉलिप्रॉपिलीनची जरा दुधाळ, कुरकुर वाजणारी, बिनवासाची. पाकिटावर त्रिकोणात आकडा छापलेला असेल तर ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात पीव्हीसी चिकट होते आणि झेरॉक्सची शाई कागद सोडून पिशवीला धरते. पान बाहेर ओढलं की अक्षरं उलटी होऊन प्लास्टिकवर राहतात. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांत उन्हाळाभर असं काही झालं नाही. जुन्या पीव्हीसी पिशवीत कागद अडकला असेल तर ओढू नका, पिशवीच दोन्ही कडांनी कापून उघडा.

मापाची गोष्ट कुणीच सांगत नाही. सगळ्या पिशव्या ए-फोर. स्टॅम्पपेपर, जुनी खरेदीखतं आणि कोर्टाच्या नकला लीगल मापाच्या, साधारण साडेआठ बाय चौदा इंच. ए-फोरमध्ये घातलं की खालची दोन-अडीच इंचांची पट्टी दुमडते, आणि साक्षीदारांच्या सह्या नेमक्या तिथंच असतात. वर्षभरात घडी तुटते. लीगल किंवा एफएस (फुलस्केप) मापाच्या पिशव्या मागवाव्या लागल्या तरी त्याच घ्या.

लिव्हरची बॉक्स फाइल झेरॉक्स प्रतींपुरती ठीक. मूळ कागदाला भोक पाडू नये आणि कोब्रा फाइलच्या क्लिपखालीही दाबू नये. मूळ कागद आडवे, झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन पेटीत. फोटोंसाठी चिकट पानांचा अल्बम तर घरातही आणू नका; त्याचा गोंद पिवळा पडतो आणि फोटो सुटत नाही. लॅमिनेशन उलटवता येत नाही, आणि सेतू केंद्रातली थर्मल पावती लॅमिनेट केली तर उष्णतेनं काळी पडते. तिची त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

टाचण्या आणि स्टेपलर पिना गंजलेल्या असतात. पिनेचे पाय वर येतील असं पान उलटं करा, पायांखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा, पाय उभे करा, मग पालथं करून पिन उचला. पिन-रिमूव्हरनं जुना कागद फाटतोच.

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात वरून सतत पांढरी माती झडते. तिथं पेटीपेक्षा रुमाल बरा, म्हणजे दप्तर बांधायचा चौकोनी सुती कपडा. फक्त नवा कपडा दोन-तीनदा धुऊन खळ काढून टाका, कारण खळ कसरीला आवडते. कडुनिंबाचा पाला ओला टाकला तर डाग पडतात. खडखडीत वाळवून, वेगळ्या पुरचुंडीत. डांबरगोळीचा वास मात्र कागदात मुरतो, जात नाही. वाळवीसाठी उपाय साधा: पेटी भिंतीपासून चार बोटं दूर, जमिनीपासून वर, आणि महिन्याला एकदा उचलून खाली पाहणं.

सिलिका जेल इथं जून ते सप्टेंबर एवढंच लागतं. उन्हाळ्यात कागद आधीच कोरडा ठणठणीत असतो, त्याला आणखी सुकवून कडा मोडतात. निळे दाणे ओले झाले की गुलाबी होतात, पण त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं. घरासाठी नारंगी घ्या, ते हिरवट होतात. पुन्हा वापरायचे तर पिशवीतून काढून स्टीलच्या ताटात, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास. तव्यावर दाणे करपतात. तीन-चारशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा छोटा मीटर पेटीत ठेवला तर दाणे कधी बदलायचे हे कळतं. आकडा ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीची भीती.

आता पद्धत. बाजारातली तयार किट आडनावाच्या विभाजकांसह येतात. ती इथं चालत नाहीत. निजामकाळच्या नोंदीत आडनावच नसतं. 'मारोती वल्द (मुलगा) ग्यानबा' किंवा बाईसाठी 'जौजे' (बायको) अमुक, एवढ्यावर काम असतं. शिवाय एका वारसाच्या फेरफारात सात नावं असतात, तो कुणाच्या फाइलला लावणार? म्हणून पेट्या गावाप्रमाणे, आणि माणसं वहीत. हाच बदल सगळ्या सामानापेक्षा उपयोगी ठरला.

गावाला दोन अक्षरी खूण द्या, पुढे चालू क्रमांक. कागद आला की क्रमांक पिशवीवर, आणि मूळ कागदाच्या मागं कोपऱ्यात टूबी पेन्सिलीनं हलका. पेन नको, स्टिकर नको. मग दाखल रजिस्टर: क्रमांक, गाव, तेव्हाचा तालुका-जिल्हा, आत्ताचा तालुका-जिल्हा, कागदाचा प्रकार, लिपी, मूळ तारीख, इंग्रजी तारीख, सर्व्हे नंबर आणि गट नंबर, कोणत्या कार्यालयातून, मूळ की नक्कल. जिल्ह्याचे दोन रकाने चैन म्हणून नाहीत. उदगीर, अहमदपूर, निलंग्याचे १९५६ आधीचे कागद बीदर जिल्हा सांगतात, किनवटचे आदिलाबाद. अंबाजोगाई मोमिनाबाद म्हणून सापडते. जालना १९८१ला वेगळा झाला, लातूर १९८२ला, हिंगोली १९९९ला. गट नंबरचंही तसंच: जमिनींच्या एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर बदलले, तेव्हा दोन्ही लिहिले नाहीत तर आजोबांचा सर्व्हे आणि आजचा सातबारा जुळत नाही.

तारखेचा रकाना सर्वांत जास्त चुकतो. मूळ तारीख जशी आहे तशीच उतरवा, फसली (निजामाच्या महसुली कारभारातलं साल) असो, हिजरी असो वा शक. बदललेली तारीख शेजारच्या रकान्यात. हैदराबाद संस्थानाच्या नंतरच्या कागदांत फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्यानं सुरू होतं. आजूर, दै, बहमन या पहिल्या तीन महिन्यांत ५९० मिळवा, इस्फंदारपासून ५९१. फसली १३४०चा आजूर म्हणजे १९३०, त्याच वर्षाचा तीर म्हणजे १९३१. महिना नसेल तर '१९३०-३१' असंच लिहा, एक साल निवडू नका. शकात साधारण ७८.

माणसांच्या वहीत दुपटीचे क्रमांक घ्या: ज्याच्यापासून सुरुवात तो १, वडील २, आई ३, कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचा बाप, त्यात एक मिळवला की आई. आईकडची माणसं आपोआप जागेवर बसतात, आडनावाच्या फाइलीत ती हरवतात. भाऊ-बहिणींना अ, ब, क. प्रत्येकापुढे फक्त कागदांचे दाखल क्रमांक. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वहीतून उतरवलेली नोंद असेल तर वहीची खूण, पान आणि सही कोणाची हेही लिहा. सही नसलेली नुसती नावांची माळ पुरावा म्हणून लंगडी पडते.

स्कॅनिंग: मजकूर ३०० डीपीआय, फोटो आणि मोहरा ६००. मोबाइलच्या स्कॅन अ‍ॅपमधला 'ब्लॅक अँड व्हाइट' फिल्टर बंद ठेवा, तो फिकट जांभळे शिक्के पुसून टाकतो. पाठीमागची बाजूही काढा; स्टॅम्पपेपर कुणी, कधी, कुणाला विकला ते मागंच असतं. फाइलच्या नावात आधी दाखल क्रमांक, तोही शून्य लावून तीन आकडी, नाहीतर १० हा २च्या आधी येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून.

संगणकावर ग्रॅम्प्स हा वंशावळीचा प्रोग्राम फुकट आहे आणि देवनागरी नीट घेतं. हिजरी तारीख त्यात टाकता येते, एक-दोन दिवसांचा फरक धरून. फसली आणि शक येत नाहीत; ते टिपेत लिहून इंग्रजी तारीख 'अंदाजे' म्हणून द्यावी लागते. जेडकॉम (वंशावळीच्या प्रोग्राममध्ये माहिती नेण्या-आणण्याची) फाइल काढून ती पुण्या-मुंबईच्या चुलतभावाकडे पाठवली की तो वेगळ्या प्रोग्राममध्येही उघडतो, मात्र जोडलेले स्कॅन तिच्यासोबत जात नाहीत; तो फोल्डर वेगळा द्या.