मोबाईल स्टार्टर : डब्याला पाच स्टार, कंपनीला एक

रावेर तालुक्यात आमची केळी आहे, 2019 ला ट्यूबवेलच्या मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवला, म्हणजे आत सिम असलेला डबा, त्याला फोन लावला की मोटर चालू-बंद होते. कंपनीचं नाव टाकत नाही.

आधी डब्याचं सांगतो, वस्तू खरंच दणकट. शेतीची लाईट आमच्याकडे एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, मध्यरात्री लाईट आली की घरूनच खाटेवरून कॉल लावायचा, तिकडून आवाज यायचा मोटर चालू झाली, की परत झोपायचं. एक फेज गेला तर मोटर आपोआप बंद, पाणी तुटलं तरी बंद. पेटीत मुंग्या झाल्या, पालीने अंडी घातली, तरी डबा चालूच. इतक्या वर्षात एकदाही मोटर जळून वायंडिंग भरायला न्यावी लागली नाही.

म्हणून मीच सगळ्यांना सांगत सुटलो, आणि शिवारात माझ्या शब्दावर अकरा डबे लागले.

आता मार्चमध्ये मेसेज आला, या मॉडेलचा सपोर्ट 31 तारखेला बंद, नवीन मॉडेलवर सूट मिळेल. फक्त बारा दिवस आधी!! डब्यात काहीच बिघाड नाही हो, आतलं सिम चालतं, रिले चालतो, पण कोणाचा कॉल घ्यायचा ते कंपनीचा सर्व्हर ठरवतो, सर्व्हर बंद झाला की डबा मुका. आणि कधी, तर एप्रिलच्या तोंडावर, घड भरायच्या दिवसात, एक पाणी चुकलं की पानं करपायला लागतात. आमचे नाना सत्तरीचे आहेत, रात्री दीडला बॅटरी घेऊन मळ्यात जातात, साप-किरडाचे दिवस. शेजारचे काका एवढंच म्हणाले, "तू सांगितलं म्हणून घेतला ना रे भाऊ." मला उत्तर देता आलं नाही.

निम्म्या लोकांनी परत ऑटोस्विच लावले. लाईट आली की सगळ्या मोटरी एकदम सुरू, सगळा लोड डीपीवर म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, महावितरण कधीपासून सांगतंय ऑटोस्विच काढा कपॅसिटर बसवा, ते काय उगाच नाही. डीपी जळाली तर ज्याच्याकडे डबा नव्हता त्याचंही पाणी बंद.

वस्तू कायम चालवा असं कोणीच म्हणत नाहीये. गूगलने स्टेडिया ही गेमची सर्व्हिस जानेवारी 2023 ला बंद केली, भारतात ती आलीच नव्हती, पण बंद करताना त्यांनी स्वतःच्या स्टोअरमधून घेतलेल्या हार्डवेअरचे पैसे परत दिले आणि कंट्रोलरचं ब्लूटूथ उघडून दिलं, म्हणजे तो दुसरीकडे वापरता येतो. आम्हाला तर पैसेही परत नकोत. डब्याचा मास्टर पासवर्ड द्या, आमचे फोन नंबर डब्यात एसएमएसने टाकता येऊ द्या, सर्व्हरची गरजच नाही.

कंपनीवाल्यांनो, माझा नंबर तुमच्याकडे रजिस्टर आहे. पासवर्ड पाठवा, अकराच्या अकरा मळ्यात मी स्वतः जाऊन टाकून देतो आणि त्याच दिवशी इथले स्टार बदलतो.