स्नोब्लोअर घेताय? आधी इंजिनाला रुंदीने भागा

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या दक्षिणेला राहायला येऊन आम्हाला आठ वर्षं झाली आणि एवढ्यात हा माझा दुसरा स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उचलून बाजूला फेकणारं मशीन. मी नर्स आहे, सकाळी सातची ड्युटी, नवरा महिन्यातले पंधरा दिवस कामासाठी बाहेरगावी, त्यामुळे बर्फ पडला की पहाटे साडेचारला उठून ड्राइव्हवे, म्हणजे गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची वाट, मीच मोकळी करते. ओळखीतल्या तीन-चार मराठी घरांनी यंदा विचारलं की कुठला ब्रँड घेऊ, किती सीसीचा घेऊ. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत होते, म्हणून आता सविस्तर लिहूनच टाकते.

आधी इथला बर्फ कसा असतो ते सांगते, कारण त्यावरच सगळं ठरतं. आमच्या पश्चिमेचा मोठा तलाव, लेक ईरी, नोव्हेंबर-डिसेंबरात अजून कोमट असतो, त्यावरून थंडगार वारा येतो, बाष्प उचलतो आणि किनारा ओलांडला की ओततो, तेही एका अरुंद पट्ट्यात, म्हणजे वीस मैलांवर उत्तरेला मैत्रिणीकडे चार इंच आणि आमच्याकडे कमरेएवढा असं दर वर्षी एकदा तरी होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला तीन-चार दिवसांत ८० इंच पडला होता, बिल्स या इथल्या फुटबॉल टीमची मॅच उचलून डेट्रॉइटला न्यावी लागली. पण खरं सांगू का, पडलेल्या बर्फाचा त्रास नसतो. खरा त्रास म्हणजे म्युनिसिपालिटीचा प्लो, म्हणजे बर्फ ढकलणारा ट्रक, रस्ता साफ करत जातो आणि आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो बांध घालून जातो, तो. भुसभुशीत ताजा बर्फ एका घनफुटाला चार-पाच पौंड भरतो, ओला दाबलेला वीस पौंडांपर्यंत जातो, आणि या बांधात तर रस्त्यावरचं मीठ, चिखलपाणी, नारळाएवढे बर्फाचे गोळे असं सगळं एकत्र होऊन रात्रभरात गोठलेलं असतं. मशीनची परीक्षा तिथे होते. बाकीचा ड्राइव्हवे कुठलंही मशीन साफ करतं.

माझं पहिलं मशीन २६ इंच रुंद होतं, इंजिन २०८ सीसी. दुकानात बघितलं, रुंद आहे, कमी फेऱ्यांत काम होईल, किंमतही बसत होती, घेतलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक त्या जोडीत होती, एवढ्या रुंद तोंडाला एवढंसं इंजिन. २०२२ च्या त्या वादळात ड्राइव्हवेचा वरचा भाग झाला आणि बांधाशी आले तर पहिल्या फुटातच इंजिनाचा आवाज खाली बसला, आधी भणभण होतं ते घुर्र्र घुर्र्र करायला लागलं, चुटीतून, म्हणजे बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळीतून, बर्फ उडायच्या ऐवजी पोहे सांडावेत तसा समोरच सांडायला लागला आणि मग चूट गच्च भरली, भिजवलेल्या कणकेसारखी. मशीन बंद, काठीने चूट मोकळी, परत चालू, परत एक फूट, परत तेच. आठ फुटांच्या बांधाला पाऊण तास लागला आणि शेवटी अर्धा मी फावड्याने काढला.

त्या वेळी आप्पा इथे आले होते. कोल्हापूरकडे आमचा ऊस आहे आणि आप्पांनी हयातभर पॉवर टिलर चालवलाय. ते गॅरेजच्या दारात कानटोपी घालून उभे, बर्फ आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते पण इंजिन त्यांना नवीन नव्हतं. म्हणाले, "अगं पोरी, गिअर खाली घे, इंजिन गुदमरतंय. घास मोठा झालाय त्याला." मी गिअर पहिला केला, अर्ध्या रुंदीनेच घुसवलं, आणि खरंच चाललं. म्हणजे २६ इंची मशीन घेऊन मी १३ इंचच कापत होते. मग त्या रुंदीचा उपयोग काय? तिथून माझ्या डोक्यात हा हिशोब बसला.

हिशोब सोपा आहे. इंजिनाचे सीसी घ्या आणि तोंडाच्या इंचांनी भागा. माझं जुनं २०८ भागिले २६, आठ. एरियन्स कंपनीचं डिलक्स २४ म्हणजे २५४ सीसी आणि २४ इंच, साडेदहा. आणि गंमत बघा, एरियन्सचं डिलक्स २८ पण त्याच २५४ सीसी इंजिनावर येतं, तिथे आकडा नऊवर येतो. म्हणजे जास्त पैसे देऊन तुम्ही तेच इंजिन जास्त ओझ्याला जुंपताय. २८ च हवं असेल तर ३०६ सीसीचं एसएचओ, म्हणजे त्याचंच मोठ्या इंजिनाचं मॉडेल, घ्या, तिथे परत अकराच्या जवळ जातं. प्लॅटिनम २४ एसएचओ तर ३६९ सीसी, पंधराच्या वर, ते म्हणजे बैलजोडीऐवजी ट्रॅक्टरच. टोरोचं पॉवर मॅक्स ८२४ मध्ये २५२ सीसी आणि २४ इंच, ते पण साडेदहा. ट्रॉय-बिल्टचं स्टॉर्म २४१० आणि कब कॅडेटचं टू-एक्स २४ दोन्ही २०८ सीसी, २४ इंच, पावणेनऊच्या आत. आमच्या पट्ट्यात माझ्या मते दहाच्या खाली जाऊ नये. क्लीव्हलंडच्या आतल्या भागात किंवा न्यू जर्सीत राहत असाल तर साडेआठ-नऊवर आरामात निभावतं, उगाच जास्त खर्च करू नका.

हॉर्सपॉवर का बघत नाही असं कुणी विचारेल. कारण त्या आकड्यावर माझा विश्वास नाही. होंडाचं जीएक्स २०० इंजिन बघा, आधी त्यावर ६.५ हॉर्सपॉवर लिहायचे, आता ५.५ लिहितात, इंजिन तेच, फक्त मोजायची पद्धत बदलली, आधी ग्रॉस होतं आता नेट. लॉनमोवरच्या इंजिनांवर फुगवलेला हॉर्सपॉवर लिहिल्याबद्दल इथे कंपन्यांवर खटले झाले, २०१० साली तडजोड झाली, आणि आता बहुतेक स्नोब्लोअरवर सीसी आणि टॉर्कच लिहिलेला असतो. सीसी म्हणजे सिलिंडरचं माप, त्यात खोटं बोलायला जागा कमी. आणखी एक, डेन्व्हरला माझी मावसबहीण असते, तिकडे उंचीमुळे हवा विरळ, दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते, म्हणजे पाच हजार फुटांवर पंधरा टक्के गेलीच. तिने माझ्यापेक्षा मोठं इंजिन घ्यायला हवं, मी तसं तिला सांगितलंय.

पण नुसतं इंजिन म्हणजे सगळं नाही. टू-स्टेज, म्हणजे दोन टप्प्यांच्या मशीनमध्ये पुढचा ऑगर, म्हणजे फिरणारी पाती, बर्फ चावून मधे ओढतो आणि मागचा इम्पेलर, म्हणजे पंखा, तो चुटीतून फेकतो. पंखा मोठा आणि बर्फ कसा आत सोडला जातो ते नीट असेल तर चूट तुंबत नाही. एरियन्स डिलक्सचा पंखा १४ इंची आहे, आणि टोरोमध्ये पंख्याला झेपेल तेवढाच बर्फ आत घेऊन बाकीचा परत ऑगरकडे ढकलायची सोय आहे. त्यामुळे ओल्या बर्फात टोरो भारी चालतो, शेजारच्या आजोबांकडे आहे, मार्चमधल्या चिखलबर्फात मी स्वतः चालवून बघितलाय. चुटीची दिशा बदलायची त्याची एकच कांडी पण हाताला फार सोयीची आहे. कब कॅडेटच्या थ्री-स्टेजमध्ये मधे आणखी एक फिरकी असते, ३५७ सीसी आणि २६ इंच, ताकद भरपूर, पण ते मोठं मशीन आहे, माझ्या गॅरेजात दोन गाड्या आणि पोरांच्या सायकलींच्या मधे ते मावलं नसतं. बाय द वे कब कॅडेट आणि ट्रॉय-बिल्ट दोन्ही एमटीडी कंपनीचेच ब्रँड, आणि एमटीडी २०२१ च्या शेवटापासून स्टॅनली ब्लॅक अँड डेकरकडे आहे, त्यामुळे या दोघांत निवडताना नावावर जाऊ नका, इंजिन आणि रुंदीच बघा.

होंडा मला मनापासून हवा होता. एचएसएस ९२८, २७० सीसी, हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह, म्हणजे गिअरच नाही, लिव्हर हळूहळू ढकलला की वेग हळूहळू वाढतो, बांधात घुसताना हे सोन्यासारखं. आणि ट्रॅकवाला, म्हणजे चाकांऐवजी रणगाड्यासारखे पट्टे असलेला, घेतला तर बर्फावर चढत नाही, खोदत जातो. पण तीन हजार डॉलरच्या वर जातो. ज्यांचा ड्राइव्हवे चढाचा आहे आणि शंभर फुटांहून लांब आहे त्यांनी डोळे झाकून घ्यावा. माझा पन्नास फूट, सपाट. मन मारलं.

शेवटी एरियन्स डिलक्स २४ घेतला, चौदाशेच्या आसपास पडला, विस्कॉन्सिनमधल्या ब्रिलियन गावची जुनी कंपनी, १९६० पासून स्नोब्लोअर बनवतायत. यंदा तिसरा हिवाळा. जानेवारीत दीड फूट पडला त्या पहाटे मी मुद्दाम घड्याळ लावलं, पूर्ण ड्राइव्हवे आणि बांध मिळून पस्तीस मिनिटं. बांधात दुसऱ्या गिअरला घुसवला तरी इंजिनाचा सूर किंचित खाली येतो आणि लगेच गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, सावरतो, आणि चुटीतून बर्फाची जी कमान निघते ना, दिव्याच्या उजेडात पांढरीशुभ्र, थेट अंगणाच्या पलीकडच्या मेपलच्या झाडापर्यंत, ती बघून थंडी विसरायला होतं. वजन अडीचशे पौंडांच्या आसपास आहे पण वळवताना हाताने ट्रिगर दाबावा लागत नाही, आपोआप वळतो, माझी उंची पाच फूट एक इंच आणि मला जमतं, म्हणजे कुणालाही जमेल. इलेक्ट्रिक स्टार्टला घरातल्या वीजेची वायर लावायची आणि बटण दाबायचं, उणे पंधरा सेल्सिअसलाही पहिल्याच झटक्यात चालू होतो.

बॅटरीवाल्यांबद्दल खूप जण विचारतात. इगो कंपनीचा ५६ व्होल्टचा २१ इंची सिंगल-स्टेज, म्हणजे वेगळा पंखा नसलेला, मैत्रिणीकडे आहे, आवाज कमी, धूर नाही, पेट्रोलची कटकट नाही, तिचा दोन गाड्यांचा छोटा ड्राइव्हवे आणि सहा-सात इंच बर्फ यासाठी मस्त आहे. पण थंडीत बॅटरी लवकर उतरते, आणि आमच्याकडे दिवसातून तीनदा साफ करायची वेळ येते, मधे चार्जिंगला थांबायला जमत नाही. सिंगल-स्टेजचे रबरी पाते जमिनीला घासून चालतात, त्यामुळे डांबरी किंवा काँक्रीटवर अगदी स्वच्छ काम होतं, खडीच्या ड्राइव्हवेवर मात्र चालवू नका, खडे गोळीसारखे उडतात. पेट्रोलमध्ये हलकं हवं असेल तर टोरो पॉवर क्लिअर ७२१ बघा, २१२ सीसी, २१ इंच, आपल्या भागाकाराने दहा.

काळजीचं एक सांगायचंच आहे, हे मी इमर्जन्सीत बघितलंय म्हणून कळकळीने सांगतेय. चूट तुंबली तर हात घालायचा नाही. इंजिन बंद केलं तरी नाही. पंखा अडकलेला असतो तेव्हा त्यात ताण राहिलेला असतो, गठ्ठा सुटला की तो फटकन फिरतो आणि बोटं जातात. मशीनवर काठी दिलेली असते, तीच वापरा. आणि गॅरेजमध्ये चालू करून गरम करत ठेवू नका, दार उघडं असलं तरी, कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो.

बाकी देखभाल फार नाही. एप्रिलमध्ये टाकी रिकामी करून कार्बोरेटर सुका पडेपर्यंत चालवून ठेवते, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सहा महिने पडून राहिलं की कार्बोरेटर चिकटतो, आणि डिसेंबरात मेकॅनिकची तीन आठवड्यांची वाट बघावी लागते. ऑइल ५डब्ल्यू-३० सिंथेटिक, दर सीझनला एकदा. मागच्या वर्षी बर्फाखाली गाडलं गेलेलं ओलं वर्तमानपत्र ऑगरने ओढलं आणि ऑगरची शिअर पिन, म्हणजे जास्त ताण आला की तुटणारी छोटी खीळ, तुटली, ती तुटावी म्हणूनच असते, नाहीतर गिअरबॉक्स जातो. पाच मिनिटांत नवीन घातली. तेव्हापासून दोन जास्तीच्या पिना आणि एक पाना प्लास्टिकच्या पिशवीत घालून हँडललाच टेपने चिकटवून ठेवल्यात, अंधारात गॅरेजभर शोधायला लागत नाही.