लिस्बनची वॉकिंग टूर: नक्की घ्या, पण दोन ठिकाणी ग्रुप सोडून थांबा

लिस्बनला पायी फिरायची टूर घेण्यासारखी आहे का असं पणजी-फोंड्याकडचे बरेच जण विचारतात, हल्ली प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी तिकडे असतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. टूर घ्याच, पैसे वसूल आहेत. पण गोव्यातून गेलेल्या माणसाला जे बघायला हवं त्यातलं अर्धं गाइड सांगत नाही, ते आपणच तयारीने जाऊन बघायचं.

आम्ही घेतली ती टिप्सवाली, म्हणजे ऑनलाइन नाव नोंदवायचं आणि शेवटी मनाला येईल ते द्यायचं. ग्रुप मोठा होता आणि इयरफोन वगैरे काही नव्हते, त्यामुळे ट्राम खडखडत गेली की मागच्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं, सो पुढेच उभे राहा. सुरुवात रोसियू चौकात, तिथे जमिनीवर काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा केल्यात, दिसायला फार सुंदर, पण हे दगड इतक्या वर्षांच्या पावलांनी इतके गुळगुळीत झालेत की नुसतं दव पडलं तरी पाय सटकतो. चांगल्या ग्रिपचे शूज घाला, चपला अजिबात नको, आणि वयस्कर माणूस बरोबर असेल तर उतारावर त्याचा हात धरा.

भूकंपाचा भाग गाइडने अप्रतिम सांगितला. 1 नोव्हेंबर 1755, सगळ्या संतांचा सण, लोक सकाळी चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या, तेवढ्यात भूकंप, मग तेजू नदीतून वर चढलेलं समुद्राचं पाणी, आणि मग अनेक दिवस आग. नदीकाठचा राजवाडा गेला तो गेलाच, राजा जुझे तर इतका घाबरला की नंतर दगडी छपराखाली राहायलाच तयार नव्हता, टेकडीवर लाकडी घरात राहिला. मग राजाचा मंत्री मार्केस द पोंबालने बायशा नावाचा सगळा भाग सरळ रेषेत नव्याने वसवला आणि भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा घातला, उभे, आडवे आणि तिरके वासे एकमेकांत अडकवलेले, म्हणजे धक्का बसला तर भिंत हलेल पण कोसळणार नाही. गाइडने दोन्ही हातांची बोटं फुलीसारखी अडकवून दाखवलं आणि बाबा एकदम म्हणाले, "अगं, आता समजलं!" सोनारांची गल्ली, चांदीची गल्ली, चांभारांची गल्ली अशी रस्त्यांची नावं आजही आहेत.

आता ती दोन ठिकाणं. पहिलं कार्मो. भूकंपात छप्पर गेलेलं चर्च, कमानी तशाच आकाशात उभ्या, जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा मनोरा ज्यांनी बघितलाय त्यांना इथे ओळखीचं वाटेल. पण खरी गोष्ट बाहेरच्या चौकातली आहे. 25 एप्रिल 1974 ला लष्कराने क्रांती केली तेव्हा हुकूमशहा सालाझारच्या जागी आलेला पंतप्रधान कायतानु इथल्याच बराकीत अडकला आणि संध्याकाळी शरण आला. बंदुकीच्या नळ्यांत खोचलेल्या कार्नेशन फुलांची गोष्ट गाइडने छान सांगितली, पण पुढचं काहीच नाही. ही क्रांती झाली म्हणूनच त्या वर्षाअखेर पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं कागदावर मान्य केलं, तोपर्यंत आपल्या मुक्तीला तेरा वर्षं झाली होती! मी हे ग्रुपमध्ये बोलले तर कोणालाच माहीत नव्हतं.

पुढे काझा दुश बिकुश, भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड असलेलं घर, तिथे आता सारामागू या नोबेलवाल्या लेखकाची संस्था आहे आणि गाइड फक्त तेवढंच सांगतो. पण 1523 मध्ये ते बांधलं कोणी, तर 1510 ला गोवा घेणाऱ्या आफोंसू द अल्बुकेर्कच्या मुलाने. हे गोवेकराला सांगायला नको का?

दुसरं ठिकाण आल्जुबे, मोठ्या कॅथेड्रलच्या अगदी बाजूला. "हा जुना तुरुंग, आता म्युझियम" एवढं बोलून आमचा गाइड पुढे सटकला. टूर संपल्यावर आम्ही मुद्दाम परत आलो. सालाझारच्या गुप्त पोलिसांनी राजकीय कैद्यांना इथे डांबलं, 1965 मध्ये तुरुंग बंद झाला. आत कोठडीचा नमुना ठेवलाय, माणूस जेमतेम आडवा होईल एवढीच जागा. वसाहतींमधल्या लढ्यांवरही भाग आहे. बाबा डिचोलीला मराठीचे शिक्षक होते, ते त्या कोठडीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि गोवा मुक्तीसाठी लढलेल्या मोहन रानड्यांबद्दल बोलत राहिले. रानडेही शिक्षक म्हणूनच गोव्यात आलेले, 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले आणि गोवा मुक्त झाला तरी 1969 पर्यंत पोर्तुगालच्या कैदेत, लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात. तिथे जायला आम्हाला वेळ नव्हता, पण आपल्या मुलांना निदान आल्जुबे दाखवाच, शहरातल्या साऊं जॉर्ज किल्ल्यावरच्या फोटोंपेक्षा ते कितीतरी मोलाचं आहे.

बाकी आल्फामाच्या गल्ल्या मस्त, निळ्या टाइल्स, दोरीवर वाळत घातलेले कपडे, सांता लुझियावरून दिसणारी नदी. 28 नंबरच्या ट्रामसाठी रांगेत उभे राहू नका, तेवढ्या वेळात चालून पोचता, आणि गर्दीत खिसेकापू असतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वर टॅक्सीने जावं आणि खाली चालत यावं. बेलें नावाचा भाग याच दिवसात कोंबू नका, लांब आहे आणि वास्कु द गामाची कबर असलेला जेरोनिमुश मठ निवांत बघायला अर्धा दिवस लागतो. शाकाहारी असाल तर जेवणाचे थोडे हाल होतात, कॅफेत शामुसा मिळतो, आपल्या समोश्याचाच भाऊ, पण आत बहुतेक वेळा मांस, विचारूनच घ्या. सोमवारी आल्जुबे बंद आणि रविवारी कार्मो बंद, त्यामुळे हे दोन वार सोडून टूर बुक करा.