रिफंडमधले ७३६ रुपये आणि राजारामपुरीतील कर सल्लागार

माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत. २०२३-२४ या आर्थिक वर्षात बँकेत १५एच हा फॉर्म, म्हणजे ‘माझा कर शून्य आहे, व्याजातून कर कापू नका’ असे ज्येष्ठ नागरिकाने लिहून देण्याचा फॉर्म, द्यायचा राहिला आणि त्यांच्या मुदत ठेवींच्या व्याजावर १८,४०० रुपये टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला गेला. त्यांचे उत्पन्न ७ लाखांच्या आत असल्याने नव्या करप्रणालीत कर शून्य होता, त्यामुळे आयकर विवरणपत्र मुदतीत भरल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये रिफंडचे १९,१३६ रुपये खात्यात जमा झाले. पुढील वर्षीचे विवरणपत्र भरताना ही रक्कम उत्पन्नात धरायची की नाही, हा प्रश्न पडला. एका ओळखीच्या गृहस्थांनी सगळी रक्कम दाखवा म्हणून सांगितले, तर आमच्या आधीच्या सल्लागारांच्या मते काहीच दाखवायचे नव्हते.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील ज्या कार्यालयात आम्ही अखेर गेलो, तेथील सल्लागारांनी आधी कलम १४३(१) खालील सूचनापत्र, म्हणजे विवरणपत्र तपासून आयकर विभाग पाठवतो ते पत्र, उघडले आणि बाबांना त्यातील दोन आकडे वेगळे करून दाखवले. १८,४०० रुपये हा बाबांचाच जादा कापला गेलेला पैसा असल्याने तो उत्पन्न नव्हे; मात्र उरलेले ७३६ रुपये हे तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २४४ए नुसार दरमहा अर्धा टक्का दराने, एप्रिल ते नोव्हेंबर अशा आठ महिन्यांसाठी सरकारने दिलेले व्याज आहे, आणि ते ज्या वर्षी मिळाले त्या वर्षी ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून दाखवावेच लागते. या रकमेने बाबांच्या करात एका रुपयाचीही भर पडली नाही. तरीही आयकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, ती नोंदलेली असते आणि विवरणपत्रात नसेल तर तफावत दिसते, हे त्यांनी पोर्टलवरील नोंद दाखवून पटवून दिले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला घाई न करता इतके समजावून सांगणे मला फार मोलाचे वाटले.

उणिवाही आहेत. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, जुलैअखेर तास-दीड तास थांबावे लागते, आणि ८०० रुपये शुल्काची पावती मागितल्याखेरीज मिळाली नाही. जिने चढणे ज्यांना जमत नाही, त्यांनी आधी फोन करून कागदपत्रे घरच्या कोणाकरवी पाठवावीत. एप्रिलमध्ये टीडीएस टाळण्याचा फॉर्म भरण्याची आठवण मात्र त्यांनी स्वतःहून फोन करून दिली, आणि बाबांनी त्याच दिवशी तो बँकेत दिला.