कंबोडियातल्या शाळेत स्वयंसेवक: काही महिन्यांनंतरचा अनुभव

पदवीचं दुसरं वर्ष संपल्यावर सिएम रीपजवळच्या खेड्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायला गेले आणि काही महिने राहिले. ज्या संस्थेमार्फत गेले तिचं नाव देत नाही. जायचा विचार करणाऱ्यांना काम कसं चालतं हे कळणं जास्त गरजेचं आहे.

पहिल्याच तासाला रंगांची कार्डं काढली. लाल कार्ड वर करायच्या आत अख्ख्या वर्गाने 'रेड, ब्लू, यलो' करत सगळे रंग एका सुरात म्हणून दाखवले. आधी येऊन गेलेल्या सगळ्यांनी रंगांपासूनच सुरुवात केली होती, आणि कोण कुठवर शिकवून गेलं याची नोंद कुठेच नव्हती. मुलांच्या बाई मात्र मागे भिंतीला टेकून उभ्या. तिथल्या बऱ्याच सरकारी शाळा दोन पाळ्यांत भरतात. सकाळची मुलं घरी गेली की त्याच बाकांवर दुपारची येऊन बसतात. एका मुलाच्या वाट्याला दिवसाचे चारेक तास. त्यातला एक पाहुण्याने घेतला की ख्मेर या तिथल्या भाषेतलं वाचन नाहीतर गणित तेवढं मागे पडतं.

मग बाईंशी बोलून कामाची अदलाबदल केली. फळ्यापाशी त्या, शेवटच्या बाकांवरच्या मुलांजवळ मी. शाळा सुटल्यावर त्या पुढचा धडा मला वाचून दाखवायच्या, उच्चार विचारायच्या. मी तक्ते करून द्यायचे. एका वहीत रोजची तारीख, धडा आणि कोणाचं काय अडलं ते आम्ही दोघी लिहायचो. शब्दाच्या शेवटचा 'स' मुलं गिळायची, 'बुक्स'चं 'बुक' व्हायचं. वहीत ते कितीतरी पानं येत राहिलं आणि मग हळूहळू कमी झालं. माझ्यानंतर आलेल्या मुलीने तीच वही पुढे चालवली. बाई अजून टेलिग्रामवर तिच्या पानांचे फोटो पाठवतात. या कार्यक्रमातलं सगळ्यात मोलाचं काम मला हेच वाटतं.

राहणं, जेवण ठीक. पावसाळ्यात डेंग्यूचे डास असतात, दिवसासुद्धा चावतात. मलम विसरू नका.

एका गोष्टीवर मात्र माझा ठाम आक्षेप आहे. सुट्टीच्या दिवशी 'अनाथाश्रमाला भेट' हा पर्याय दिला जायचा. मी गेले नाही. कंबोडियात 2005 ते 2010 या काळात अनाथाश्रम 154 वरून 269 झाले आणि तिथल्या जवळपास चारातल्या तीन मुलांची आई किंवा वडील हयात असल्याचं 2011 च्या पाहणीत दिसलं. पाहुणे आणि देणग्या येत राहतात म्हणून गरीब घरांतली मुलं आश्रमात आणली जातात. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने तर 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. लळा लावून निघून जाणारी माणसं त्या मुलांनी किती सोसायची?

पैसे भरण्याआधी संस्थेला हे जरूर विचारा: पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागता का? फीमधले किती शाळेपर्यंत पोचतात? मी नसेन तेव्हा हा वर्ग कोण घेतं? शेवटच्या प्रश्नाला एखाद्या शिक्षकाचं नाव सांगितलं, तरच पुढे बोला. दोन आठवड्यांचा पर्याय घेऊ नका, तेवढ्यात मुलांची नावंही नीट पाठ होत नाहीत.

शाळेच्या कामाला पाचपैकी चार. आश्रमाच्या सहली बंद होईपर्यंत संस्थेला दोनच.