जुनी १५ हॉर्सपॉवरची बोट मोटर: नवी न घेता बोअर करून घेतली, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मार्चमध्ये आमच्या मंडळाच्या बोटीची मोटर बोअर करायला (म्हणजे सिलेंडर आतनं तासून त्यात मोठा पिस्टन बसवायला) खोलली तेव्हा बऱ्याच जणांनी सांगितलेलं की अनुभव लिही. म्हटलं पावसाळा जाऊ दे मग लिहितो, दुरुस्तीनंतर पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच सगळं झकास वाटतं. आता आठ महिने झालेत, साधारण साठेक तास चालली असेल, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही.

मोटर जपानी, टू-स्ट्रोक, दोन सिलेंडर, दोरी ओढून चालू होणारी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायची. २०१९ च्या पुरानंतर वर्गणी काढून सेकंडहँड घेतली, तेव्हाच ती दहा-बारा वर्षांची होती. आमचं गाव पंचगंगेच्या काठाला, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ ला धोका हे आमच्यात पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०१९ ला आणि २०२१ ला तर पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. २०१९ ला पहिले दोन दिवस आमी गुऱ्हाळाच्या काहिलीतनं (रस आटवायच्या मोठ्या कढईतनं) म्हातारी माणसं काढली, काहिल जाग्यावर गरागरा फिरते, वल्हं कुठल्या बाजूनं मारायचं तेच कळत नाही आणि आत बसलेली आजी देवाचं नाव घेत काठ घट्ट धरून. त्यामुळं बोट-मोटर हा आमच्यात हौसेचा विषय नाही, मोटर जुलैत चालू झाली पाहिजे, बास.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात नेमकं तेच होईना. तीस-चाळीस वेळा दोरी ओढायची, मग भुर्रर्र करून चालू व्हायची, चार माणसं बसली की दम सोडायची. मंडळाच्या मिटिंगमध्ये दोन गट पडले, एक म्हणे नवी घ्या आणि दुसरा म्हणे पैसे कोण तुझा मामा देणार काय. मी चौकशी केली तर तेवढ्याच ताकदीची नवी टू-स्ट्रोक मला दोन लाखांच्या आसपास सांगितली, फोर-स्ट्रोक अजून वर. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पिते, धूर नाही, आवाज कमी, सगळं मान्य, पण तिचं वजन ५० किलोच्या घरात आणि आमची पस्तीस-चाळीसच्या मधली. रात्री दोन वाजता चिखलातनं दोघांनी मोटर उचलून ट्रॉलीत टाकायची असते तेव्हा ते दहा-बारा किलो लय जाणवतात. शिवाय फोर-स्ट्रोक कशीपण आडवी टाकता येत नाही, ठरलेल्या बाजूवरच ठेवायची, नाहीतर ऑइल सिलेंडरमध्ये उतरतं. आमच्या पोरांच्या हातात ते जमणार नव्हतं, खरं सांगतो.

पहिल्यांदा ज्याला दाखवली त्यानं झाकणसुद्धा न उघडता 'भंगारात घाला' म्हणून सांगितलं, आणि लगेच नव्या मोटरीचं माहितीपत्रक पुढं केलं. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपांच्या वस्तीत गेलो. तिथले एक मिस्त्री, मी त्यांना मामाच म्हणतो, हयात ऑइल इंजिन आणि मोटारसायकली बोअर करण्यात गेलेली, बोट मोटर आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. मी वरचं झाकण काढायला लागलो तर म्हणाले, "थांब गा, वरचं राहू दे. इंजिन मी उभं करतो. खालचं आधी दाखव."

खालचं म्हणजे गिअरचा डबा, पंख्याच्या मागचा. खालचा स्क्रू काढल्यावर गिअर ऑइल आलं ते दुधाळ, टपरीवरच्या चहासारखं, म्हणजे पाणी आत गेलेलं. पंखा काढला तर त्याच्या मागं शाफ्टला बोटभर जाडीचा तंगूस गुंडाळलेला, कुणाच्या तरी गळाचा, त्यानंच ऑइल सील कापलेलं. मला वाटलं संपलं. मामांनी डबा खोलून दात एकेक करून बोटानं चाचपले, बॅटरी मारून बघितले, गंज नाही, दात तुटका नाही, आणि म्हणाले, दीडशे-दोनशेच्या सिलांचं काम हाय, ह्याच्यासाठी भंगारात घालतोयस?

माझा निर्णय तिथं झाला. गिअर गेले असते तर मी नवीच घेतली असती, कारण गिअरचा सेट आणि वरचं बोअरिंग दोन्ही धरून हिशोब बसत नाही.

मग वर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, बघितलं. दोन्ही प्लग काढून गेज लावलं, वरच्या सिलेंडरला ११८ आणि खालच्याला ७०. दोन सिलेंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको असतो, इथं तर निम्म्यावर यायला लागलेलं. हेड काढल्यावर कारण दिसलं, खालच्या सिलेंडरच्या लायनरला, म्हणजे आतल्या भिंतीला, एका बाजूला गंजाचा काळा डाग आणि त्याच्यावरनं उभ्या रेघा. २०२१ ला मोटर बोटीवरनं सुटून पाण्यात पडलेली, आमी काढली, पुसली, आणि पूर ओसरेपर्यंत आठ दिवस गोठ्यात तशीच ठेवली. तीच चूक. बुडालेली मोटर काढली की त्याच दिवशी प्लग काढून, उलटी करून, दोरी ओढून पाणी बाहेर काढायचं, सिलेंडरमध्ये ऑइल सोडायचं आणि चालू करायची. ते जमत नसेल तर मिस्त्री येईपर्यंत स्वच्छ पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवायची, ऐकायला येड्यासारखं वाटतं पण गंज हवा लागल्यावर चढतो. नशीब क्रँकच्या बेअरिंगा शाबूत होत्या.

कार्बोरेटर उघडल्यावर आत हिरवट तपकिरी डिंक, पेट्रोल जायच्या जेटचं भोक बंद. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते पाणी ओढून घेतं, जुनी रबरी पाइप मऊ करतं, आणि सहा महिने टाकीत पडून राहिलं की हे असं. गंमत म्हणजे त्यातलं बरंच इथेनॉल आपल्याच उसाचं. ऊस घालायचा कारखान्याला आणि जेट साफ करायचं घरी.

पार्टसाठी कोल्हापुरात फिरण्यात अर्थ नाही हे तिसऱ्या दिवशी कळलं. रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरावर ह्या मोटरी रोज चालतात, तिथनं अर्धा मिलीमीटर ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, गॅस्केट, सील, इंपेलरचं (इंजिन गार ठेवायला पाणी ओढणाऱ्या रबरी चक्राचं) किट एसटीच्या पार्सलनं मागवलं. तिथं एकानं 'अख्खी सेकंडहँड मोटरच घेऊन जा' म्हणून फोटो पाठवलेले, स्वस्त होती, पण मी एकदा समुद्रावरची मोटर खोलताना बघितलीय, खाऱ्या पाण्यानं स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असे धरलेले की चारातले तीन तुटले. आपली मोटर जुनी असली तरी गोड्या पाण्यातली आहे, बॉडी शाबूत आहे, हा फरक लक्षात घ्या. सगळं मिळून ४१,५०० गेले, त्यात मजुरी सगळ्यात कमी.

बोअर झाल्यावर मामा एक तास नुसते बारीक पॉलिश पेपर घेऊन लायनरच्या खिडक्यांच्या (हवा-धूर ये-जा करायच्या भोकांच्या) कडा घासत बसलेले. मी विचारलं तर म्हणाले टू-स्ट्रोकमध्ये रिंग ह्या खिडक्यांवरनं जाते, कड धारदार राहिली तर रिंग अडकून तुटते. बोट मोटर कधी न बघितलेला माणूस हे करतो, आणि दुकान मांडून बसलेला झाकण उघडत नाही. असो.

पहिल्यांदा २०० लिटरच्या पिंपात चालू केली. आमच्यात मोटर चालू झाली की सगळे एकच विचारतात, "मुतायला लागली का?" म्हणजे मागच्या भोकातनं पाण्याची धार येते का. इंपेलर नवा असल्यानं दोन सेकंदांत जोरात धार आली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोरडी चालवायची नाही, कधीच नाही, रबराचा इंपेलर आहे, मिनिटभरसुद्धा टिकत नाही.

पहिले दहा तास लिटरला ४० मिली ऑइल घातलं, नंतर २०. ऑइल बोट मोटरचंच, आधी पोरं स्कूटरचं टू-टी घालायची, ते गरम चालणाऱ्या इंजिनासाठी असतं, इथं पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनात प्लग आणि रिंगांवर राख धरते. आता दोन-तीन ओढीत चालू होते, सकाळी गारठ्यात चार. सहा माणसं घेऊन पाण्याला उलटी चढते. कॉम्प्रेशन परवा परत बघितलं, ११८ आणि ११५.

आता कुरकुर. धूर आहेच, मागं बसणाऱ्याच्या कपड्याला वास लागतो. अर्ध्या थ्रॉटलला तासाला साडेतीन-चार लिटर पिते, त्यात बदल नाही. गिअर टाकताना अजून कडक आहे. पावसाळ्यात दोनदा केंदाळ (जलपर्णी) आत ओढून धार बंद झाली, लगेच बंद करून हातानं काढलं म्हणून वाचली. ऑगस्टमध्ये शेतावरनं जाताना विहिरीच्या कठड्याला पंखा लागला आणि पंख्याला शाफ्टवर धरणारं आतलं रबर घसरलं, इंजिन बोंबलतंय आणि बोट जाग्यावर, वल्ह्यानं परत आलो. पंखा वेगळा घ्यावा लागला, तो खर्च वरच्या आकड्यात धरलेला नाही. उसाचा पाला गुंडाळतो तो वेगळाच, त्यासाठी विळा बोटीतच बांधून ठेवलाय.

वर्षभर रोज मासेमारीला किंवा पर्यटकांना फिरवायला वापरणार असाल तर माझं ऐकू नका, पेट्रोलमध्येच नव्या फोर-स्ट्रोकचे पैसे सुटतील. आमची वर्षातले अकरा महिने टांगलेली असते, आणि तशी टांगून ठेवली असती तर नव्या मोटरीचाही कार्बोरेटर तुंबलाच असता. म्हणून आता पेट्रोलची पाइप काढून, कार्बोरेटरमधलं संपेपर्यंत चालवून मगच बंद करतो, आणि दर १ तारखेला पिंपात दहा मिनिटं चालवायची पाळी लावलीय. मागच्या महिन्यात ज्याची पाळी होती तो लग्नाला गेला म्हणून हुकली, ह्या महिन्यात माझी आहे, दोरीपण घासत आलीय, ती तेवढी बदलून घेतो.